हाताला इसब आणि पुढ्यात तबला: झाडीपट्टीत नव्याने वाजवणाऱ्यांसाठी

झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातला, वादक बारा महिने नुसता वाजवत बसत नाही. आषाढ-श्रावणात तो बांधीत परे, म्हणजे धानाची रोपं, उपटतो, रोवणीच्या चिखलात वाकलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे धान कापतो आणि मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रा, लागल्या की तबला उचलून गाडीत बसतो. मग होळीपर्यंत रात्रभराची नाटकं. हेच वेळापत्रक एकदा कातडीच्या बाजूने वाचून पाहा. आधी हात पाण्यात, चिखलात, खतात भिजून निघालेले. मग धानाचं कुसळ. मग थंडीची कोरडी हवा, स्टेजमागची शेकोटी आणि वरून रात्रभर चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या कातडी पट्टीवर, बोट आपटणं. ऐन सीझनमध्ये हात का उसळतो, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना इसब आहे आणि जे तबला, ढोलकी किंवा खंजिरी वाजवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे हात आजही पूर्ण बरे नाहीत. पण मी वाजवतो.

सगळ्यात आधी ट्यूबबद्दल, कारण नवीन पोरं इथेच अडकतात आणि मीही इथेच अडकलो होतो. नाटक तोंडावर असतं, हात फुटलेला असतो. तालुक्याच्या मेडिकलवर हात दाखवला की चिठ्ठी न मागता काउंटरवरून एक मलम मिळतं. 'लावा जी, दोन दिवसात साफ.' आणि खरंच साफ होतं! खाज थांबते, लाली जाते, रात्री हात मोकळा चालतो. दुकानदार देवमाणूस वाटायला लागतो. सीझन संपेपर्यंत तीच ट्यूब तबल्याच्या पिशवीत राहते.

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात: क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टिरॉइड, एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं. गुण येतो तो स्टिरॉइडचा. आग कशाने लागली हे स्टिरॉइड विचारत नाही, फक्त विझल्यासारखी दाखवतं. खाली गजकर्ण असेल तर लाली दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. तिची गोल कड पुसली जाते आणि मग डॉक्टरलाही ती पटकन ओळखू येत नाही. खाली खरूज असेल तर घरातली सगळी माणसं रात्री खाजवत बसतात आणि तुम्ही एकटे मलम लावत बसता. आणि खाली खरोखर इसबच असेल, तरी किती दिवस लावायचं आणि कसं कमी करत आणायचं हे कोणी सांगितलेलं नसतं. बंद केलं की उसळतं, उसळलं की पुन्हा लावलं जातं. महिनोन् महिने असं चाललं की कातडी पातळ होते. पातळ कातडीच्या बोटाने 'ना' हा बोल वाजवून पाहा, म्हणजे कळेल. पहिल्या बोटाचं पेर चाटेवर जिथे बसतं, तिथेच चीर पडते. त्या चिरेत तबल्याच्या मधल्या काळ्या शाईची भुकटी शिरते आणि काळा दोरा ओवल्यासारखी रेघ दिसते. लोकांपुढे हात काळा नको म्हणून माणूस ती साबणाने घासतो. झालं, चीर आणखी खोल.

स्टिरॉइडची मलमं 2018 मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. काउंटरवर नियम कसा पाळला जातो ते तुम्ही-आम्ही पाहतोच. म्हणून ट्यूब घेण्याआधी पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. एकाच ट्यूबमध्ये तीन नावं दिसली तर परत ठेवा.

आता एवढं वाचून स्टिरॉइडलाच घाबरू नका. कातडीच्या डॉक्टरने इसब पाहून दिलेलं स्टिरॉइड हेच पहिलं आणि खरं औषध आहे. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे जोरदारच लागतं. ते चेहऱ्याला लावायचं नाही आणि घरच्यांना वाटायचं नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम होते आणि एका पंजाच्या दोन्ही बाजूंना तेवढी पुरते. लांब चालवायचं असेल तर काही जणांना डॉक्टर टॅक्रोलिमस नावाचं मलम देतात. ते स्टिरॉइड नाही आणि त्याने कातडी पातळ होत नाही. सुरुवातीला चुरचुरतं, तेवढं सोसा.

राहिला रोजचा प्रश्न. हात तेलकट असला तर बोट सटकतं, पुडी (तबल्यावरचं कातडं) खराब होते, शाईला धोका. म्हणून वाजवणारे लोक मलमच टाळतात, वरून पावडर थापतात, आणि पावडर उरलीसुरली ओल शोषून घेते. यावर उपाय वेळेचाच आहे. घट्ट व्हॅसलीन नाटक सुटल्यावर, पहाटे झोपताना लावायचं, वर सुती हातमोजे. नसतील तर जुने सुती पायमोजेही चालतात. वाजवण्याच्या तासभर आधी हलकं, मुरणारं क्रीम आणि बसण्यापूर्वी सुती कापडाने कोरडं पुसणं. पावडर लागलीच तर चिमूटभर, आणि तीही पुडीवर. हात धुवायला कोमट पाणी, कमी फेसाचा सौम्य साबण, आणि धुतल्यावर ओलसर असतानाच क्रीम. शेकोटीपासून हात लांब ठेवा. डफ शेकतात, बोटं नाही.

रोवणीत हातमोजे टिकत नाहीत, ते मला सांगू नका, मला माहीत आहे. भांडी, गुरं धुणं, खत आणि फवारणी यांना तरी घाला. आत सुती, वर रबरी, आणि आतून ओले झाले की लगेच काढा. रबरानेच हात उठला तर विनाइलचे घ्या.

घरगुती उपायांत हळद-खोबरेल तेलाशी माझं भांडण नाही. पण भेगांवर बिब्बा लावायला सांगणारी म्हातारी माणसं प्रत्येक गावात आहेत, त्यांना हात जोडा आणि पळा. बिब्ब्याचं तेल धडधाकट कातडीलाही जाळतं. गाजर गवतही उघड्या हाताने उपटू नका. त्याची ॲलर्जी एकदा बसली की हात, मान, चेहरा सगळं धरतं.

गुरुजींबद्दल थोडं, रागावू नका. 'रक्त आल्याशिवाय हात तयार होत नाही' म्हणणारे गुरुजी बोलांच्या बाबतीत बरोबर असतील, कातडीच्या बाबतीत नाहीत. रियाजाने पडलेला घट्टा वेगळा आणि पाझरणारी भेग वेगळी. हात वाईट असेल त्या आठवड्यात 'धिरधिर' हा बोल सोडा, तळव्याची घासण तिथेच होते. बायाँवर (डाव्या हाताच्या डग्ग्यावर) मनगट घासून मींड, म्हणजे घसरता सूर, काढणंही थांबवा. साधा ठेका धरा, बाकी रियाज पढंतीने, म्हणजे बोल तोंडाने म्हणून, करा, टाळी न देता बोटांवर मात्रा मोजून. माझी लय वाजवण्यापेक्षा पढंतीनेच जास्त सुधारली, असं माझं प्रामाणिक मत आहे. एखादी रात्र ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) काढावी लागली तर लाजू नका. नाक मुरडणाऱ्यांनी आपला हात द्यावा!

भेगेतून पू आला, पिवळी खपली धरली, हात सुजून गरम झाला किंवा ताप आला, तर मात्र त्या रात्री वाजवायचं नाही. बदली वादक द्या आणि डॉक्टर गाठा.

'काहून जी, हाताले का झालं?' असं विचारून प्रसाद घ्यायला मागे सरकणारे भेटतील. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांना तिथेच सांगा. तबला दुसऱ्याने वाजवला तरी काही होत नाही. गजकर्ण आणि खरूज मात्र पसरतात, म्हणून आधी आपल्याला काय झालंय ते पक्कं हवं. एकाच हाताला पापुद्रे आणि दोन्ही तळपायांना तसंच दिसत असेल तर बुरशीचा संशय घ्या. कातडीची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते कळतं.

महिने झाले आणि जातच नाही, तर पॅच टेस्टचं, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते पाहणाऱ्या तपासणीचं, विचारा. नागपूर, सेवाग्राम, सावंगी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत कातडीचा विभाग आहे; फॉलोअपला घरापासून जवळचं निवडा. या टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तेवढ्यात पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. म्हणून आपला एप्रिल-मे बाद, रोवणी बाद. रोवणी आटोपल्यावर, कापणीच्या आधी जो मोकळा काळ मिळतो तो धरा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि जाताना हाताला रोज लागणारं सगळं पिशवीत घाला: साबणाचं वेष्टन, पावडरचा डबा, हातमोजे, खताच्या पोत्यावरचं लेबल, मंजिरी किंवा खंजिरी वाजवत असाल तर तीही, कारण तिच्या धातूत निकेल असू शकतं. ती जुनी ट्यूबही न्या, आणि किती दिवस लावली ते खरं सांगा.