एक्का-बादशाह हातात आल्यावर काय करायचं?

इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीचे पत्ते म्हणजे तीन पत्ती, फार तर रमी. पण पुण्या-बंगळूरला नोकरी करणारी मुलं सुटीत घरी आली की आता रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगरच्या गच्च्यांवर पोकरचाही डाव पडतो. तीन पत्तीत मुरलेल्या माणसाला पोकरचे नियम समजायला अर्धा तास पुरतो. त्याला नडतो तो एकच हात. एक्का आणि बादशाह एकत्र आले की तो एक तर फुशारून सगळ्या चिप्स पुढे लोटतो, नाही तर ‘जोडी कुठे लागलीय अजून’ म्हणत गुपचूप कॉल करत (समोरच्याइतक्याच चिप्स घालत) बसतो. दोन्हीकडून नुकसानच. हा हात सुरुवातीला ताठ खेळायचा असतो आणि मधली पानं उघडल्यावर, गरज पडली तर, निमूट सोडायचा असतो.

खेळ टेक्सस होल्डेम धरला आहे: दोन पानं तुमच्या हातात, पाच टेबलावर सगळ्यांची. त्यातली पहिली तीन एकदम उघडतात तो फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. चिप्सही नुसत्या चिप्सच समजा. पैसे लावून चालणारं ऑनलाइन पोकर २०२५च्या कायद्याने देशभर बंद झालं आहे, आणि घराबाहेर फड मांडलात तर जुगाराचा कायदा आहेच. हरणाऱ्याने सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, सगळ्यांना गराडू (तळलेला कंद) खाऊ घालायचे, एवढ्यावर भागवा.

आधी हात ओळखा

बावन्न पानांतून दोन पानांच्या १,३२६ जुळण्या होतात. त्यांत एक्का-बादशाहच्या १६: चार एकाच रंगाच्या (रंग म्हणजे बदाम, चौकट, किलवर, इस्पिक), बारा वेगवेगळ्या रंगांच्या. म्हणजे सरासरी ८३ डावांत हा हात एकदा येतो. घरच्या टेबलावर तासाला पंचवीसेक डाव होत असतील, तर तीन-सव्वातीन तासांतून एकदा. इतक्या वाट पाहण्याने माणूस उतावळा होतो, आणि पहिली गडबड तिथेच होते.

जोडी नसूनही हा हात भारी का? एक म्हणजे एक्का किंवा बादशाह टेबलावर आला की तुमची जोडी सगळ्यांत वरची होते आणि सोबतचं पानही सगळ्यांत मोठं असतं. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. समोर दोन एक्के असण्याच्या एरवी सहा जुळण्या असतात. एक एक्का तुमच्या हातात आल्यावर त्या तीनच उरतात. दोन बादशाहांचंही तसंच. ज्या दोन हातांची खरी भीती, तेच निम्मे झालेले असतात.

पहिली फेरी: कॉल नको, रेज करा

पाच-दहाचे ब्लाइंड (पानं बघण्याआधीच दोघांनी सक्तीने घालायच्या चिप्स, छोटा पाचाचा, बडा दहाचा) असतील आणि तुमच्या आधी कुणी रेज केलं, म्हणजे पैज वाढवली, नसेल, तर तीस करा. आधी दोघे नुसते कॉल करून आत आले असतील तर प्रत्येकाचे दहा वाढवून पन्नास. तीन पत्तीतली सवय असते सगळ्यांना आत येऊ द्यायची, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) फुगू द्यायचा. इथे ती मोडावी लागते. पाच जण फ्लॉप बघायला आले तर तुमच्या एक्क्याच्या जोडीवर कुणाची तरी दोन जोडी किंवा तिक्की (एकाच आकड्याची तीन पानं) बसण्याची शक्यता फार वाढते. एक-दोघेच उरले तर तीच जोडी राज्य करते. शिवाय सगळ्यांनी पानं टाकली तर ब्लाइंडचे पंधरा तुमचे, न खेळताच.

रेजचा आकडा मात्र रोजचाच ठेवा. इतर हातांना तीस आणि एक्का-बादशाहला साठ केलेत तर दोन डावांत सगळ्यांना कळेल. बारीक गोष्ट वाटेल, पण लसणाची सेव खाता खाता पत्ते हाताळू नका. एक्क्याच्या पाठीवर तेलाचं बोट उमटलं की तो एक्का रात्रभर सगळ्या टेबलाच्या ओळखीचा होतो.

कुणी आधीच रेज केलंय

मग तुम्ही पुन्हा वाढवा. त्याच्या नंतर तुमची पाळी येत असेल तर त्याच्या तिप्पट, त्याच्या आधी खेळावं लागणार असेल तर चौपटीच्या आसपास. त्यावर तो आणखी चढला तर मात्र पानांपेक्षा माणूस बघा.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका प्रत्येक टेबलावर असतात. तासभर पानं टाकत राहतात, मधेच चष्मा पुसतात, आणि चिप्स घातल्या की समजावं, काहीतरी आहे. दोघांकडे हजार-हजार चिप्स आहेत. काकांनी तीस केले, तुम्ही नव्वद, आणि काका म्हणाले, “ऑल-इन,” म्हणजे होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स पुढे. आता हिशोब करा. तुम्हाला ९१० घालायचे आहेत आणि पॉट होणार २,०१५चा, म्हणजे निदान ४५ टक्के वेळा जिंकायला हवं. काका एक्के, बादशाह किंवा राण्या यांच्या जोडीवरच असं करतात असं धरू. दोन एक्क्यांपुढे वेगळ्या रंगांचा एक्का-बादशाह शंभरात साधारण सातदाच जिंकतो, दोन बादशाहांपुढे तीसदा, राण्यांपुढे त्रेचाळीसदा. कोणती जोडी किती जुळण्यांनी येऊ शकते ते धरून सरासरी काढली तर ३१ टक्क्यांच्या आसपास येते. पानं टाका. काका हसतील, हसू द्या.

हेच ऑल-इन तिसऱ्या डावापासून हात सैल सोडलेल्या भाच्याने केलं तर? तो अठ्ठ्यांच्या जोडीवरही करतो, एक्का-राणीवरही, एक्का-गुलामवरही. त्याच्यापुढे तुमचे टक्के पन्नाशीच्या वर जातात. कॉल करा. पान तेच आणि आकडाही तोच, तरी एकीकडे फोल्ड (पानं टाकणं) बरोबर आणि दुसरीकडे कॉल बरोबर.

चिप्स कमी उरल्या असतील, समजा बड्या ब्लाइंडच्या वीस-पंचवीस पट, तर इतका विचार नको. कुणाच्या रेजवर सरळ ऑल-इन करा. पुष्कळदा समोरचा पानं टाकतो, आणि छोट्या-मधल्या जोडीने कॉल केला तरी सामना जवळजवळ बरोबरीचा असतो.

फ्लॉप लागला

एक्का किंवा बादशाह निदान एक तरी येणं, हे शंभरात बत्तीसदा होतं. टेबलावर बादशाह, अठ्ठी, तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. याहून साजरा फ्लॉप नाही. निम्म्या पॉटची पैज लावा आणि टर्नवर पुन्हा लावा. बादशाह-राणी, बादशाह-गुलामवाला पाठीमागे येत राहतो. एक्का-बादशाहची खरी कमाई याच माणसाकडून होते. ‘जाळ्यात पकडू’ म्हणून चेक करत (पैज न लावता पाळी पुढे ढकलत) बसणारे ही कमाई घालवतात.

उलट बादशाह, गुलाम, दहा आला आणि त्यात दोन बदाम असतील, तर जोडी तीच असूनही चित्र वेगळं. एक्का-राणीवाल्याची सिक्वेन्स (ओळीने पाच पानं) तयार आहे, नऊ-राणीवाल्याचीही. शिवाय बदामवाला कलरची (एकाच रंगाच्या पाच पानांची) वाट बघतोय. तुम्हालाही राणी आली तर सिक्वेन्स होईल, म्हणून पळू नका; पैज लावा, पण समोरून मोठं रेज आलं तर थांबून विचार करा. आणि रिव्हरपर्यंत गप्प असलेला माणूस अचानक चढला, तर एक जोडी ही शेवटी एकच जोडी असते.

फ्लॉप नाही लागला

तीनांत दोनदा हेच होणार, आणि लोक चिप्स घालवतात ते इथेच.

आधी माणसं मोजा. समोर तीन-चार जण असतील तर चेक करा आणि कुणी पैज लावली की सोडा. राणी, सत्ती, दुर्री अशा फ्लॉपवर चार जणांना घाबरवण्याच्या भानगडीत पडू नये.

समोर एकटाच असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही शेवटच्या जागेवरून तीस केले, बड्या ब्लाइंडने कॉल केला, पॉट ६५. फ्लॉप तोच: राणी, सत्ती, दुर्री. त्याने चेक केलं. तुम्ही वीस लावा. वीस घालून ६५ मिळवायचे, तेव्हा चारांतून एकदा जरी त्याने पानं टाकली तरी ही पैज स्वतःच्या पायावर उभी राहते. आणि जोडी नसलेल्या हातांना फ्लॉप त्याच्याही वाट्याला तीनांत एकदाच लागतो. तुम्ही आधी रेज केलेलं असल्याने राण्यांची किंवा एक्क्यांची जोडी तुमच्याकडे असू शकते, हे त्यालाही दिसतं.

त्याने कॉल केला तर पॉट १०५. टर्नला चौकी आली. आता हात आवरा, चेक करा. तीन एक्के आणि तीन बादशाह, अशी सहा पानं तुम्हाला तारू शकतात. एकच पान उघडायचं उरलं असताना ती शक्यता तेरा टक्के. तोंडी हिशोबासाठी सोपी रीत: दोन पानं यायची असतील तर तारणाऱ्या पानांना चाराने गुणा, एकच यायचं असेल तर दोनाने; तेवढे टक्के शक्यता. रिव्हरला बादशाह आला आणि त्याने पुन्हा चेक केलं, तर पन्नास लावा, राणीवाला बहुधा कॉल करेल. काहीच नाही आलं आणि त्याने साठ लावले, तर पानं खाली. ‘माझा एक्का-बादशाह होता’ असं म्हणून उघडून दाखवू नका, पुढच्या वेळी तोच माणूस तुमच्या वीसला हसेल.

एकाच रंगाचा असेल तर

लोक याला उगाच डोक्यावर घेतात. राण्यांच्या जोडीपुढे वेगळ्या रंगांचा हात शंभरात ४३दा जिंकतो, तर एकाच रंगाचा ४६दा. फरक तीनाचा. फ्लॉपवरच पुरा कलर लागणं शंभरात एकदाही नाही. दोन पानं तुमच्या रंगाची येऊन कलर एका पानावर राहणं, हे मात्र नवांत एकदा घडतं, आणि मग रिव्हरपर्यंत कलर होण्याची शक्यता ३५ टक्के. वर एक्का-बादशाह येऊन जोडी होण्याची आशा असतेच. अशा वेळी चेक न करता जोरात खेळा.

धाकटी भावंडं

एक्का-राणी, एक्का-गुलाम, बादशाह-राणी हेही जोडीविना चांगले हात, पण त्यांना एक्का-बादशाहचे हक्क देऊ नका. एक्का-राणी विरुद्ध एक्का-बादशाह असा सामना झाला तर राणीवाला चारांत जेमतेम एकदा जिंकतो, आणि टेबलावर एक्का आला की त्याचंच जास्त नुकसान होतं, कारण तो सोडत नाही. कुणी रेज केलेलं नसेल तर एक्का-राणीने खुशाल तीस करा. पण सुरुवातीच्या जागेवरून काकांनी तीस केले असतील, तर एक्का-राणी टाका आणि पुढचे पत्ते वाटायला सांगा.