न्यू फ्रान्समधील पूर्वजाचे घराणे आणि व्यवसाय शोधताना या चुका टाळा

सतराव्या शतकात फ्रान्स सोडून आजच्या क्वेबेकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या न्यू फ्रान्समध्ये, वसलेल्या माणसाचा माग काढणे वाटते तितके अवघड नाही, कारण तेथील कॅथलिक धर्मग्रामांच्या (एकेका चर्चच्या कक्षेतील वस्त्यांच्या) बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या फार मोठ्या प्रमाणात टिकून आहेत. शोध अडतो तो बहुतेक वेळा कागद नसल्यामुळे नव्हे, तर असलेले कागद उलट्या क्रमाने पाहिल्यामुळे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आडनाव हाती येताच फ्रान्सच्या नोंदींकडे धाव घेणे. नॉर्मंडीत त्याच नावाचा कोणीतरी सापडतो, जन्मवर्षही साधारण जुळते आणि परका माणूस वंशवृक्षात कायमचा जाऊन बसतो. एका आडनावाची सगळी घरे एका भावकीतली नसतात, हे कुलवृत्तांत चाळणाऱ्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. म्हणून आधी वसाहतीतील विवाहाची नोंद शोधावी. तीत बहुधा वधूवरांच्या आईवडिलांची नावे, मूळ धर्मग्राम आणि धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश) दिलेला असतो, आणि पुढचा शोध त्या धर्मप्रांताच्या हद्दीतच करावा लागतो, कारण फ्रान्सचे आजचे जिल्हे १७९० मध्ये आखले गेले. ला रोशेल येथे नोकरीचा करार झाला, एवढ्यावरून पूर्वज तिथला ठरत नाही. ते जहाज सुटण्याचे बंदर होते आणि दूरदूरच्या गावांतली माणसे तिथे येऊन करार करीत असत.

नावांच्या बाबतीतही घाई नडते. १६६५ मध्ये आलेल्या कारिन्यान-सालिएर पलटणीतील सुमारे १,२०० सैनिकांपैकी जवळपास ४०० जण तिथेच राहिले. अशा सैनिकांना पलटणीत मिळालेले टोपणनाव मूळ आडनावाला जोडले जाई. पुढे एका मुलाच्या वंशात मूळ आडनाव चालू राहिले आणि दुसऱ्याच्या वंशात केवळ टोपणनाव उरले, असे वारंवार दिसते. तेव्हा दोन्ही नावांनी शोध घ्यावा. स्त्रिया मात्र कागदोपत्री आयुष्यभर माहेरच्या आडनावाने नोंदल्या जात, त्यामुळे सासरच्या नावाने शोधल्यास त्या सापडतच नाहीत.

व्यवसायाबद्दल सर्वाधिक गैरसमज होतात, आणि माझ्या मते एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळे करण्याचे सर्वांत भरवशाचे साधनही व्यवसायच आहे. १६६६, १६६७ आणि १६८१ च्या शिरगणत्या सहज पाहता येतात, म्हणून अनेक जण तिथेच थांबतात. पण १६६६ च्या शिरगणतीत नोंदलेल्या ३,२१५ लोकांत राजाचे सैनिक धरलेले नव्हते, त्यामुळे तीत नाव नाही म्हणून माणूस वसाहतीत नव्हता असे म्हणता येत नाही. शिवाय 'आबितां' असा शेरा दिसला, तर तो जमीन कसणारा स्थायिक असल्याचे कळते. फ्रान्समध्ये तो कोणते काम शिकला होता, हे त्यातून कळत नाही. १६१७ मध्ये कुटुंबासह क्वेबेकला आलेला लुई एबेर वसाहतीचा पहिला शेतकरी म्हणून ओळखला जातो, पण पॅरिसमध्ये तो औषधविक्रेता होता. केवळ वसाहतीतील ओळख धरून पॅरिसमध्ये शेतकऱ्याचे घर शोधणाऱ्याच्या हाती काही लागले नसते.

खरा व्यवसाय कळतो तो करारमदार लिहून जपणाऱ्या नोटरीच्या दस्तऐवजांतून. पॅरिसचा रूढ कायदा वसाहतीत लागू असल्यामुळे पतिपत्नीपैकी एकाच्या मृत्यूनंतर, विशेषतः दुसरा जोडीदार पुन्हा लग्न करणार असेल तेव्हा, घरातील वस्तूंची तपशीलवार यादी केली जाई. तीत रंधे, पटाशा, ऐरण किंवा भाता निघाला की शिरगणतीतल्या एका शब्दापेक्षा कितीतरी अधिक उलगडा होतो. पेर्श प्रांतातून १६३४ मध्ये आलेला सुतार झाकारी क्लुतिए याला लिहिता येत नव्हते, पण दस्तांवर तो कुऱ्हाडीच्या आकाराची खूण करीत असे. अशी खूण पाहायची, तर नकललेल्या मजकुरावर विसंबून न राहता मूळ दस्ताची प्रतिमाच उघडावी लागते. विवाहाचा करार सापडला म्हणजे विवाह झाला, असेही मानू नये. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने पाठवलेल्या तरुणींपैकी काहींनी असे करार रद्द करून दुसऱ्याशी लग्न केले.

तारखांना इंग्रजी वसाहतींप्रमाणे जुन्या आणि नव्या कॅलेंडरमधील फरकाची दुरुस्ती लावू नये, कारण फ्रान्सने नवे (ग्रेगोरियन) कॅलेंडर १५८२ मध्येच स्वीकारले होते.

काही नोंदी मात्र खरोखरच नष्ट झाल्या आहेत. क्वेबेकच्या चर्चला १६४० मध्ये आग लागल्यानंतर आधीच्या नोंदी स्मरणाने पुन्हा लिहिल्या गेल्या, म्हणून त्यांतील तारखा ताडून पाहाव्यात. पॅरिसच्या धर्मग्रामांच्या वह्या १८७१ च्या आगीत गेल्या आणि मांश जिल्ह्याचे दप्तर १९४४ मध्ये सें-लो येथे बॉम्बवर्षावात जळाले. पूर्वज पॅरिसचा असेल, तर हरवलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीमागे वेळ न घालवता तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातील नोटरींचे दस्त पाहावेत. शागिर्दीचा एखादा करार मिळाला, तर मुलाचे नाव, पालकाचे नाव आणि शिकायचा व्यवसाय एकाच कागदावर मिळू शकतो.