पाचर न मारता कुऱ्हाड बसवायची, तर

आयटीआयला सुतारकाम करून खानापूरला मामांच्या हाताखाली लागलो, तेव्हा दांडा बसवणं म्हणजे पोरखेळ वाटायचा. हातोड्याचा येत होता की! खालून घालायचा, वरून पाचर ठोकायची, संपलं. पहिल्याच आठवड्यात एकजण टॉमाहॉकचं पातं घेऊन आला. ती अमेरिकी धाटणीची हलकी कुऱ्हाड. तिलाही मी तसाच दांडा घातला. मामांनी पाचरीकडे बघितलं, म्हणाले, "कुदळीला कधी पाचर मारलेली बघितलायस काय रे?"

टॉमाहॉक कुदळीच्याच जातीची. दांड्याचं वरचं टोक जाड, खाली निमुळता. बारीक टोक नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, वरून घालायचं आणि पातं जाड टोकाशी अडकेपर्यंत दांडा खाली ओढायचा. घाव घालताना पातं बाहेर पळायला बघतं, म्हणून उलट घट्टच बसतं.

आधी नेढं मोजा. लोहार ते सुंब्याने, म्हणजे निमुळती लोखंडी पहार ठोकून, वाढवतो, त्यामुळे एक तोंड मोठं असतं. ते वर आलं पाहिजे.

खरा वेळ जातो तो काजळीत. चिमणीची काजळी नेढ्यात आतून फासायची, दांडा घालून ओढायचा, काढून बघायचा. जिथे काळं लागलं तिथेच कानस, तीही दोन-चार हात. परत काजळी, परत ओढ. वरच्या काठाशी नुसता एक काळा पट्टा उमटत असेल तर पातं तेवढ्यावरच टेकलंय, खाली डगमगणार. नेढ्याच्या पूर्ण उंचीला काळं लागेपर्यंत सोडायचं नाही. मी पंधरा-वीस वेळा काढघाल करून वैतागलो आणि सरळ रंधा फिरवला. पातं जाड टोकावरूनच निसटून बाहेर आलं, पायाजवळ पडलं. मामा म्हणाले, "कानस मारायलास की सूड उगवायलास?" तो दांडा आता मामी चुलीतली लाकडं सारायला वापरते.

ठोकायची बाजूही उलटी. पाचरीच्या कुऱ्हाडीच्या दांड्याचा बुडखा, म्हणजे खालचं टोक, आपटला की पातं घट्ट होतं, हिचं मात्र सुटतं. हिला घट्ट करायला दांड्याचं वरचं टोक लाकडी ठोकळ्यावर आपटायचं. म्हणून ते पात्याच्या वर अर्धा-पाऊण इंच बाहेर ठेवा, नाहीतर मार लोखंडावर बसेल.

लाकूड धामणीचं मिळालं तर उत्तम, लवचीक असतं. दांड्याच्या टोकाला दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा पात्याच्या धारेच्या रोखाने हव्यात. आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात बसवलेला दांडा घट्ट वाटला तरी विश्वास ठेवू नका. लाकूड ओलाव्याने फुगलेलं असतं, मार्चात पातं हलायला लागतं. पाण्यात भिजवून घट्ट करणारेही भेटतील. वाळलं की तो पहिल्यापेक्षा सैल होतो, आणि गिऱ्हाईक परत आपल्याच दारात येतं.