व्हाइट गोल्डची अंगठी पिवळी पडून राहिली? भांडायला जायच्या आधी हे वाचा

आमच्या वहिनीची अंगठी दीड-दोन वर्षांत पिवळट दिसायला लागली आणि घरात एकच गोंधळ, सोनारानं फसवलं म्हणे. मी अंगठी पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली तर वरून चकाचक पांढरी, पण तळहाताकडच्या बाजूला फिकट पिवळा पट्टा, आणि आत ७५० चा, म्हणजे १८ कॅरेटचा, शिक्का व्यवस्थित.

म्हणजे फसवाफसवी काही नाही. खाणीतून पांढरं सोनं निघत नाही ना भाऊ. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं असतं, बाकी पॅलेडियम, निकेल, चांदी, जस्त असं काहीतरी मिसळून त्याचा पिवळेपणा मारतात, तरी थोडी झाक राहतेच. मग वरून रोडियमचा मुलामा देतात, दुकानात जी आरशासारखी चमक दिसते ती ह्याचीच. रोडियम प्लॅटिनमच्याच घराण्यातला, भयंकर महाग, पण थर किती तर साधारण पाव ते एक मायक्रॉन, आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो म्हणजे बघा. भांडी घासणं, गाडीचं हँडल, मे महिन्यातला आपला नागपुरी घाम, घासून घासून जाणारच तो. कानातले मात्र वर्षानुवर्षं टिकतात, त्यांना घासायला कोण जातंय.

आता परत रोडियम मारायचं असेल तर नागपुरात इतवारीच्या सराफ्यात नाही तर जिथून घेतली तिथे जा, पण नुसतं "रोडियम मारून द्या" म्हणू नका. आधी बफिंग, म्हणजे घासून पॉलिश, करणार का ते विचारा. आम्ही पहिल्यांदा एका ठिकाणी घाईत करून घेतलं, त्यानं ओरखड्यांवरच मुलामा चढवला आणि ओरखडे आणखीच उठून दिसायला लागले, कारण हा थर खड्डे भरत नाही, आहे तसं चमकवतो. बरोबर पद्धत म्हणजे बफिंग, मग अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ काढणारं मशीन) सफाई, तेलकटपणा पूर्ण काढणं आणि शेवटी रोडियमच्या पाण्यात बुडवून करंट सोडणं, ते शेवटचं काम मिनिटभराचं, खरी मेहनत आधीचीच.

बफिंगमध्ये थोडंसं सोनं जातं, म्हणून आधी-नंतर वजन डोळ्यासमोर करून घ्या, आणि दर सहा महिन्यांनी करत बसू नका. हिऱ्याला सहसा काही होत नाही, पण मोती, पन्ना, ओपल असेल तर आधीच सांगा, अल्ट्रासोनिकमध्ये वाट लागते त्यांची.

अंगठीखाली खाज सुटत असेल तर निकेलचा संशय घ्या. रोडियम असेपर्यंत ते झाकलेलं असतं, थर गेला की त्वचेला लागतं. नवीन घेताना पॅलेडियमवालं मागा, महाग पडेल. वहिनीनं ह्या वेळी काही केलंच नाही, म्हणते पिवळट झाक आता आवडून राहिली.