सातवाहन समजून घ्यायचेत? वंशावळ बाजूला ठेवा, आधी नाणं बघा

पैठणला नाथांच्या समाधीला सगळेच जातात, पण हेच सातवाहन राजांची राजधानी प्रतिष्ठान हे एका मार्कापुरतं लिहून पोरं मोकळी होतात. एमपीएससीवाले तर नुसती राजांची नावं पाठ करायलेत, आणि पुराणातल्या याद्याच एकमेकींशी जुळत नाहीत, मग डोक्याचा भुगा होणारच ना.

त्यापेक्षा जोगलटेंभीच्या नाण्याचा फोटो शोधा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात नहपान या क्षत्रपाची (म्हणजे पश्चिमेकडच्या शक राजाची) तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली अन् त्यातल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. झूम करा, वर तीन कमानींचा डोंगर आणि कडेनं नहपानाचं नाक नाहीतर हनुवटी डोकावती. नाणी वितळवायच्या भानगडीतच पडला नाही गडी, तीच आपल्या नावावर बाजारात फिरवली!

मग नाशिकच्या पांडवलेणीतला त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख घ्या, लेणं नंबर ३. आई लेकाचं कौतुक करतीय हे धरूनच वाचा, तीन समुद्रांचं पाणी प्यालेली वाहनं वगैरे जरा चढवूनच आहे, पण प्रदेशांची यादी लई कामाची. मुलक (म्हणजे आपला पैठणचा भाग), अश्मक (त्याच्या शेजारचा गोदाकाठ), विदर्भ, अपरान्त (कोकण), सुराष्ट्र (सौराष्ट्र), अवंती (उज्जैनकडचा भाग), सगळे नकाशावर निळ्या पेननं टिक करा.

आता लाल पेन. जुनागढला पुढच्या एका शक क्षत्रपाचा, रुद्रदामनचा इ.स. १५० चा लेख आहे, तो म्हणतो दक्षिणापथाच्या (दख्खनच्या) सातकर्णीला दोनदा हरवलं पण जवळचं नातं म्हणून उखडलं नाही. त्यानं आपल्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी दिलीय, त्यातली नावं खोडत चला. सुराष्ट्र गेलं, अवंती गेली, अपरान्त गेला म्हणजे कोकणची बंदरं गेली, मुलक-अश्मक मात्र त्यात नाहीतच. म्हणजे घर शाबूत अन् बाजाराची वाट दुसऱ्याच्या हातात, कारण पैठणचा गोमेद आणि तेरचं (धाराशिव जिल्ह्यातलं) कापड गाड्यांनी गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं. नंतरच्या सातवाहन राजानं, यज्ञ सातकर्णीनं पुन्हा बराच जोर लावला, त्याची जहाजवाली नाणी जरूर बघा. पुढं तिसऱ्या शतकात नाशिककडं आभीर, आंध्रात इक्ष्वाकू अशी नवी राजघराणी आली, झाल्या वाटण्या.

एवढं झालं की मग तेरचं लामतुरे संग्रहालय गाठा. काचेवर समोरून टॉर्च मारू नका, नुसती चमक येती. बाजूनं तिरकं बघा, ठसे उठून दिसतात.