आगमनकाळात आशा जपताना

नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरदरम्यानच्या रविवारी सुरू होतो. त्या संध्याकाळी हिरव्या फांद्यांच्या वर्तुळातील चारपैकी एकच मेणबत्ती पेटवावी. अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत ती आशेची मानतात. उरलेल्या तीन न पेटलेल्या वाती डोळ्यांसमोर राहू द्याव्यात, कारण वाट पाहणे म्हणजे काय हे त्या कोणत्याही प्रवचनापेक्षा नेमके सांगतात. मेणबत्त्यांच्या वर्तुळाची ही प्रथा जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये १८३९ साली धर्मोपदेशक योहान हिन्रिख विखेर्न यांनी सुरू केली असे मानले जाते. नाताळ कधी येणार, असे सतत विचारणाऱ्या निराधार मुलांसाठी त्यांनी जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या.

मेणबत्ती पेटवल्यानंतर बायबलमधील स्तोत्र १३० सावकाश वाचावे. पहारेकरी पहाटेची वाट पाहतो, तशी स्तोत्रकर्ता प्रभूची वाट पाहतो. मात्र हे स्तोत्र खोल गर्तेतील आक्रोशाने सुरू होते, म्हणून आपले दुःख किंवा आजारपण प्रार्थनेत न लपवता नाव घेऊन मांडावे. ओढूनताणून आणलेला उत्साह (डिसेंबरात त्याचा सुकाळच असतो) फार टिकत नाही. रोज बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील थोडा भाग वाचावा, आठवड्यातून एकदा एखाद्या एकट्या शेजाऱ्याकडे जाऊन बसावे, आणि दुसऱ्या रविवारी आधी पहिलीच मेणबत्ती पुन्हा पेटवावी.