एका वर्षातल्या आवडत्या सिनेमांची यादी करताय? या चुका टाळा

२०१५ ला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही मित्रांनी त्या वर्षातले आवडते मराठी सिनेमे नंबर लावून लिहायचे ठरवले आणि पहिल्या पाच मिनिटांत वाद सुरू झाला तो नटसम्राटवरून. तिघांच्या यादीत तो वरती होता. पण नटसम्राट लागला १ जानेवारी २०१६ ला! कट्यार काळजात घुसलीनंतर दीड-पावणेदोन महिन्यांत आला त्यामुळे डोक्यात दोन्ही एकाच वर्षाचे होऊन बसतात. म्हणून पहिली चूक हीच, वर्ष आठवणीवर सोडणं.

याच्याहून मोठा घोळ पुरस्कार बघून वर्ष ठरवलं की होतो. कोर्ट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला २०१४ मध्ये, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तोही २०१४ चा म्हणून, आणि आपल्याकडे थिएटरला आला १७ एप्रिल २०१५ ला. किल्लाचंही तसंच, बर्लिन महोत्सव २०१४, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट २०१४ चा, पण थिएटरला २६ जून २०१५. कारण राष्ट्रीय पुरस्काराला सेन्सॉर सर्टिफिकेटचं वर्ष धरतात, रिलीजचं नाही. रिंगणला तर २०१५ चा पुरस्कार आहे आणि आपण तिकीट काढून बघितला २०१७ मध्ये. आता पुरस्काराचं वर्ष धरलं तर २०१५ च्या यादीतून कोर्ट आणि किल्ला दोन्ही उडतात, मग राहिलं काय? माझं मत स्पष्ट आहे, आपण प्रेक्षक आहोत तर थिएटरची तारीख धरा, आणि हा नियम यादीच्या वर पहिल्या ओळीत लिहून टाका. भाषेचंही तिथेच ठरवा, कारण कोर्टमध्ये मराठीसोबत हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळं आहे आणि कोणीतरी तो मुद्दा काढतोच.

दुसरी गडबड, दिवाळीचे सिनेमे आपोआप वर जातात. कट्यार आणि मुंबई-पुणे-मुंबई २ दोन्ही १२ नोव्हेंबरला लागले, घरचे सगळे मिळून गेलो होतो, फराळ, नवीन कपडे, सगळं त्या सिनेमाला चिकटून राहतं. आणि २ जानेवारीला आलेला लोकमान्य कोणाला पटकन आठवत नाही. खरंतर सुबोध भावे त्या वर्षाच्या दोन्ही टोकांना उभा आहे, जानेवारीत टिळक आणि नोव्हेंबरात कट्यारचा सदाशिव, वर दिग्दर्शन पण त्याचंच. उपाय सोपा आहे, आधी महिन्यांप्रमाणे यादी काढा, प्रत्येक महिन्याखाली काय बघितलं ते लिहा, नंबर नंतर.

आणि बघितलेले सिनेमे अकरा असतील तर टॉप १० करू नका, पाचच करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला मनापासून सांगायचंय. पुन्हा न बघता नंबर देऊ नका. निदान वरच्या पाचांना तरी परत बघा. किल्ला मी पाचव्या नंबरवर लिहिला होता, 'छान आहे पण संथ' एवढंच डोक्यात होतं. मग एका रात्री हेडफोन लावून परत बघितला. वडील गेलेले, आईची बदली झाली म्हणून कोकणात आलेला चिन्मय, सायकली घेऊन पोरं किल्ल्यावर जातात, पाऊस येतो आणि मित्र त्याला सोडून निघून जातात. पहिल्यांदा मला तो फक्त सुंदर पाऊस वाटला होता, दिग्दर्शक अविनाश अरुणनी कॅमेराही स्वतःच केलाय त्यामुळे दिसतोच तसा. या वेळी मला तो मुलगा दिसला, त्या ओल्या भिंतींमध्ये एकटा, आणि वडील गेल्यानंतर जगच आपल्याला सोडून चाललंय असं त्याला वाटतंय हे कोणीही बोलून न दाखवता समजलं. तो सिनेमा दुसऱ्या नंबरवर गेला आणि आता तिथून हलणार नाही.

कोर्टच्या बाबतीत उलटी भीती असते, तो परत बघायला मन तयार होत नाही म्हणून लोक खाली टाकतात. दोन सिनेमांत अडकलात की "आज रात्री कुठला बघू" असं विचारू नका, त्यात हलकाफुलका सिनेमाच जिंकतो. त्यापेक्षा विचारा की यातला एक बनलाच नसता तर कुठल्याची उणीव जास्त जाणवली असती. मी असं विचारलं तेव्हा कोर्ट पहिला आला. सरकारी वकील बाई दिवसभर एका माणसाला आत टाकायचा युक्तिवाद करतात आणि संध्याकाळी पोराला घेऊन घरी येऊन सगळ्यांसाठी स्वयंपाक करतात, हे दाखवणारा दुसरा सिनेमा मी तरी बघितलेला नाही.

गाण्यांचे मार्क सिनेमाला देऊ नका हे बरेचजण सांगतात, ते बरोबरच आहे, पण कट्यारला हा नियम लागत नाही कारण तिथे गोष्टच दोन घराण्यांच्या गाण्याची आहे. सदाशिवसाठी गायलेल्या महेश काळेंच्या आवाजाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो आवाज बाजूला काढला तर सदाशिव उरतच नाही. माझ्याकडे तो तिसरा.

शेवटची चूक, दुसऱ्याची यादी वाचून आपली बदलणं. डबल सीट मी चौथा ठेवलाय, चाळीतल्या नवराबायकोचं स्वतःच्या घराचं स्वप्न, मुक्ता बर्वे आणि अंकुश चौधरी. दोघांनी मला विचारलं की इतका वर का, एकाने कमाईचे आकडे पण पाठवले. मी यादी आधीच तारीख टाकून वहीत लिहिली होती, तिचाच फोटो काढून पाठवला.